बायपोलर असलेल्या भावासाठी 'स्ट्रेस हॉर्मोन' तपासणी करावी का? (कळवा / ठाणे / नवी मुंबई)

पारसिक
नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो. माझ्या धाकट्या भावाला बायपोलरचं (कधी टोकाचा उत्साह, कधी खोल नैराश्य) निदान झालंय, मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम चालू आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून तो बराच सावरलाय. ऐरोलीला एका कंपनीत आहे, तिथे आलटून पालटून रात्रपाळी असते.
बाबांच्या एका ओळखीच्यांनी एका लॅबचं पॅकेज सुचवलं. सकाळी घरी येऊन रक्त घेतात, दिवसभरात चार वेळा लाळेचे नमुने, आणि कॉर्टिसॉलचा, म्हणजे त्या 'स्ट्रेस हॉर्मोन'चा, आलेख काढून देतात. फोनवर सांगितलं, की कॉर्टिसॉल वाढलेलं निघालं तर हा आजार मनाचा नाही, हॉर्मोनचा आहे हे सिद्ध होईल. तेव्हापासून बाबा ते एकच वाक्य धरून बसलेत. रिपोर्ट आला की लिथियम सुटेल असं त्यांना वाटतं. त्यांची आशा मला कळते. शुगरचा आकडा येतो, बीपीचा येतो, या आजाराचा मात्र येत नाही. डॉक्टर बोलतात, ऐकतात आणि गोळ्या लिहून देतात.
नेटवर शोधलं तर कॉर्टिसॉल आणि बायपोलरवर खरंच संशोधन झालेलं दिसतं. मग तपासणी करावी का? आणि बाबांना समोर बसवून समजावतील असे डॉक्टर किंवा संस्था आपल्या भागात कोणी सुचवेल का?

निशिगंध
ताई, मलाही बायपोलर आहे, टाइप वन. आधी एकच गोष्ट घरात पक्की करा: रिपोर्ट काहीही येवो, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लिथियम थांबणार नाही. ते अचानक बंद केलं की मेनिया, म्हणजे टोकाच्या उत्साहाचा टप्पा, उसळून येण्याचा धोका वाढतो, आत्महत्येचाही वाढतो. बाकी चर्चा सावकाश करू.

कोलशेतकर
माझ्या बहिणीची अशीच तपासणी आम्ही केली होती. रिपोर्ट नॉर्मल आला. सासरच्यांनी तो कागद दाखवून 'हिला काही झालेलंच नाही' म्हणायला सुरुवात केली. वाढलेलं निघालं तर काय, एवढाच विचार तुमच्या घरी चाललाय. नॉर्मल निघालं तर काय होईल, हे आधी बघा.

डॉ_पामबीच
मी फिजिशियन आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. त्यामुळे हॉर्मोनच्या बाजूने लिहितो.
कॉर्टिसॉल मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं हॉर्मोन सोडतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे हॉर्मोन सोडते, आणि त्यावर अ‍ॅड्रिनल कॉर्टिसॉल तयार करते. पुरेसं झालं की तेच कॉर्टिसॉल वर जाऊन मेंदूला थांबायला सांगतं. बायपोलरमध्ये हा लगाम थोडा सैल पडलेला दिसतो. गट म्हणून पाहिलं तर या रुग्णांचं सरासरी कॉर्टिसॉल निरोगी लोकांपेक्षा जास्त भरतं, मेनियात तर ते अधिक ठळक दिसतं. तुम्ही वाचलंत ते संशोधन खोटं नाही.
अडचण पुढे आहे. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एका माणसाचा आकडा हातात घेऊन तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. मानसोपचाराने हा रस्ता एकदा चालून पाहिलाय. १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरल आणि सहकाऱ्यांनी मेलँकोलिया, म्हणजे तीव्र नैराश्याचा एक प्रकार, ओळखण्यासाठी डेक्सामेथासोन चाचणी मांडली. रात्री अकराला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल दबलं का ते बघायचं. मानसिक आजाराला अखेर रक्ततपासणी मिळाली म्हणून त्या वेळी फार मोठी आशा निर्माण झाली होती. मग दिसायला लागलं की मेनियात, डिमेन्शियात, दारूच्या व्यसनात, नुसतं वजन झपाट्याने घटलं तरीही ती पॉझिटिव्ह येते. कार्बामाझेपिन घेणाऱ्यांत तर डेक्सामेथासोन शरीरात लवकर संपतं, म्हणून खोटी पॉझिटिव्ह येते. कार्बामाझेपिन बायपोलरमध्येही देतात, हे लक्षात घ्या. आज ती चाचणी मुख्यतः कुशिंग सिंड्रोम, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल सतत जास्त राहण्याचा आजार, शोधायला वापरतात.
आता तुमच्या भावाचं. कॉर्टिसॉल उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला असतं. हा हिशोब रात्री झोपणाऱ्या माणसाचा. रात्रपाळी करून ऐरोलीहून घरी आलेल्या मुलाचं सकाळी आठला रक्त घेतलंत, तर त्या आकड्यात आजार किती आणि पाळी किती हे मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही.
मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: कॉर्टिसॉल जास्त आलं तरी उपचार लिथियमच. कमी आलं तरी तेच, नॉर्मल आलं तरी तेच. कॉर्टिसॉलचा परिणाम रोखणारी मिफेप्रिस्टोनसारखी औषधं बायपोलर नैराश्यात छोट्या अभ्यासांतून वापरून पाहिली गेली, पण नेहमीच्या उपचारांत ती आलेली नाहीत. ज्या तपासणीने उपचार बदलणार नाही तिच्यावर पैसे घालवू नका.
एक प्रश्न: भाऊ स्टेरॉइड कुठल्या रूपात घेतो का? दम्याचा पंप, जिममधली इंजेक्शनं, त्वचेची मलमं, गुडघेदुखीच्या पुड्या, काहीही.

पारसिक
डॉक्टर, तुम्ही विचारलंत म्हणून त्याला विचारलं. मांड्यांना आणि कमरेला नायटा आहे, केमिस्टकडून आणलेली ट्यूब तो बरेच महिने लावतोय. त्यावर क्लोबेटासोल लिहिलंय.

डॉ_पामबीच
हे कळलं ते फार बरं झालं. क्लोबेटासोल हे अतिशय ताकदीचं स्टेरॉइड. मोठ्या भागावर महिनोन्‌महिने लावलं तर अंगात शोषलं जातं आणि अ‍ॅड्रिनल सुस्तावते, म्हणजे कॉर्टिसॉल उलट कमी येऊ शकतं. त्यातून त्या पॅकेजने कसला निष्कर्ष काढला असता देव जाणे. नायटा स्टेरॉइडने वरवर दबतो आणि आत पसरतो, त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांकडे या आठवड्यातच न्या. ट्यूब मनाने एकदम सोडायची का, हेही त्यांनाच ठरवू दे. त्यांना किंवा फिजिशियनना गरज वाटली तर ते सकाळचं कॉर्टिसॉल सांगतील. ते अ‍ॅड्रिनल नीट चालते का हे बघण्यासाठी असेल, बायपोलर ठरवण्यासाठी नव्हे. आणि मनोविकारतज्ज्ञांच्या कानावरही घाला. पोटातून मोठ्या डोसमध्ये घेतलेली स्टेरॉइडं, उदाहरणार्थ प्रेडनिसोलोन, मेनिया चेतवू शकतात. पुढे कुणी दम्यासाठी किंवा अ‍ॅलर्जीसाठी ती लिहून दिली, तर भावाने तिथल्या तिथे आपला आजार सांगायला हवा.

खाडीपलीकडे
केसांतलं कॉर्टिसॉल तपासतात असं वाचलं. त्यात पाळीचा घोळ येणार नाही ना?

डॉ_पामबीच
केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळाजवळच्या ३ सेंटिमीटरमध्ये तीन महिन्यांची सरासरी मिळते. संशोधनासाठी छान साधन आहे. निदानासाठी मात्र ठरलेली सीमारेषा नाही, रंग आणि केमिकल ट्रीटमेंटनेही आकडा बदलतो.
धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: चेहरा गोल होत जाणं, पोटावर रुंद जांभळट पट्टे, जरा लागलं की काळंनिळं होणं, खाली बसल्यावर उठताना मांड्यांत जोर नसणं, नव्याने बीपी-शुगर, आणि सोबत मनःस्थितीत मोठे बदल. असं चित्र असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांना, भेटा. कुशिंगमध्ये नैराश्य येतं, मेनियाही येऊ शकतो, आणि तिथे कॉर्टिसॉलच्या तपासण्या खरोखर लागतात.

येऊरवारा
संस्थांबद्दल. ठाण्यातलं आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) माझ्या घरच्या अनुभवावरून नक्की सुचवेन, कारण तिथे घरच्यांशीही बोलतात आणि ते मराठीत बोलतात. तुमच्या बाबांना त्याचीच गरज आहे. अगदी जवळ हवं तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खर्च कमी. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडीही आहे. १९०१ पासूनची संस्था, पण नाव काढलं की लोक दचकतात. बाह्यरुग्ण म्हणून जाऊन औषध घेऊन परत येणारे कितीतरी जण असतात. नवी मुंबईच्या बाजूला नेरूळचं डी. वाय. पाटील. रात्री-अपरात्री बोलायची वेळ आली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, चोवीस तास, मराठीतही.

निशिगंध
सगळे बाबांबद्दल बोलतोय. भावाला काय हवंय?

पारसिक
काल त्याच्याशी बोलले. म्हणाला, "तुम्हाला करायची तर करा, पण गोळी मी सोडणार नाही. मला त्या दिवसांत परत जायचं नाही." बाबा तिथेच बसले होते. काही बोलले नाहीत.

निशिगंध
मग तुमचं अर्धं काम त्यानेच केलंय. बाबांना डॉक्टरांसमोर बसवण्याआधी त्याची परवानगी घ्या आणि काय सांगायचं, काय नाही, हे त्याला ठरवू द्या. बाबांना एवढंच सांगा की हॉर्मोन काय आणि मेंदू काय, दोन्ही शरीरच. आजार शरीराचा आहे म्हणून गोळी सुटत नाही, म्हणूनच ती लागते.
पॅकेजचे पैसे वाचले तर लिथियमची पातळी, टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि कॅल्शियम वेळेवर करा. स्थिर असताना साधारण सहा महिन्यांनी, बाकी डॉक्टर सांगतील तसं. या आकड्यांवर डोस खरोखर बदलतो. बाबांना आकडा हवाच असेल तर हे दाखवा. आणि झोपेचं बघा. मला मेनिया आला तेव्हा दर वेळी आधी झोप तुटली होती. महापेच्या ऑफिसात डॉक्टरांचं पत्र देऊन मी कायमची दिवसपाळी मागून घेतली. एचआरला आजाराचं नाव सांगावं लागलं नाही, 'वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी नको' एवढं पुरलं.

पारसिक
पत्रासाठी पुढच्या भेटीत विचारते. पॅकेज रद्द केलंय, त्वचेच्या डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळाली. एकच शंका उरली. लिथियमची पातळी सकाळी उपाशीपोटी करतात ना? रात्रपाळीच्या आठवड्यात तो गोळी सकाळी सातला, घरी आल्यावर घेतो.

डॉ_पामबीच
उपाशी असण्याशी संबंध नाही, शेवटच्या गोळीपासून १२ तास मोजायचे. सातला घेतली असेल तर रक्त संध्याकाळी सातला, आणि ते होईपर्यंत पुढची गोळी नाही. संध्याकाळी रक्त घेणारी लॅब बघा आणि गोळीची वेळ फॉर्मवर लिहायला लावा. रक्त घेणाऱ्याला आठवण करा की हिरव्या झाकणाची लिथियम हेपरिनची नळी नको. त्या नळीतच लिथियम असतं, पातळी खोटी वाढलेली दिसते. आणि त्या आठवड्यात अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांनी लिथियम खरंच वाढतं.