तळ्याचा रंग गडद होतोय, पण कार्बन तेवढाच! गोची कुठे आहे?

बर्फाखालची_मासळी

मंडळी, अडकलेय. दक्षिण स्वीडनमधल्या तीन लहान तळ्यांवर माझा प्रबंध चाललाय. खाली ग्रॅनाइट, त्यावर वीतभर माती, भोवती स्प्रूसचं (सूचिपर्णी झाडांचं) जंगल आणि काठाला पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची, दलदल. १९९०पासूनच्या नोंदी आयत्या मिळाल्या म्हणून खूश होते, आता त्याच मानगुटीवर बसल्यात.

दोन तळ्यांत सेंद्रिय कार्बन (कुजक्या पानामातीतून पाण्यात उतरणारा, पाणी तपकिरी करणारा) २००५च्या आसपासपर्यंत चढत गेला आणि मग सपाट झाला. वाचलेल्याशी हे जुळतं. तिसऱ्या तळ्याची तऱ्हाच निराळी. तिथे कार्बन गेली बारा-पंधरा वर्षं जागचा हललेला नाही, पण ४२० नॅनोमीटरला मोजलेला रंग चढतोच आहे. होडीतून सेक्की तबकडी (पाणी किती नितळ आहे ते मोजायची) सोडली की दीड मीटरच्या आत दिसेनाशी होते. पांढरी शुभ्र तबकडी आधी पिवळसर दिसते, मग जुन्या तांब्याच्या पैशासारखी, आणि मग नाहीच.

मार्गदर्शक म्हणतात, "तापमान वाढलं, पाऊस वाढला, असं लिही आणि मोकळी हो." पण तिन्ही तळी एकमेकांपासून सायकलने जाण्याच्या अंतरावर आहेत. ऊन-पाऊस तिघांवर सारखाच की!

आणखी एक पेच. मधल्या एका वर्षाचे नमुने कुणीतरी फ्रीझरमध्ये टाकून ठेवले होते. वितळवले तर बाटलीच्या तळाशी तपकिरी भुसा. हलवला की उडतो, पुन्हा बसतो. हे आकडे घेऊ का?

(नोंदीत डीओसी, म्हणजे गाळलेल्या पाण्यातला विरघळलेला सेंद्रिय कार्बन, नाही; न गाळता मोजलेला टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, आहे. इथे तसंच मोजतात. अशा तळ्यांत गाळणीवर अडकणारे कण फार थोडे, म्हणून मी दोन्ही एकच धरलेत. चुकत असेन तर कान धरा.)

रिकामटेकडा

तापमानवाढ. माती तापली की कुजणं वाढतं, कुजणं वाढलं की कार्बन वाढतो. एवढा काथ्याकूट कशाला?

गाळणीवाला

रिकामटेकडे, काथ्याकूट करायलाच तर येतो इथे.

मासळीताई, मी फिनलंडमध्ये पाणी शुद्धीकरण केंद्रावर वीस वर्षं काढली, त्यामुळे माझं लक्ष तळ्यापेक्षा टाकीवर जास्त. तरी सांगतो. तापमानाचा हात नाही असं नाही, पण तुमच्या पहिल्या दोन तळ्यांचं कोडं त्याने सुटत नाही. तापमान २००५ला थांबलेलं नाही, मग कार्बन का थांबला?

उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या ५२२ तळ्या-ओढ्यांच्या १९९० ते २००४च्या नोंदी एकत्र तपासून २००७ साली 'नेचर'मध्ये एक लेख आला होता. त्यात मुख्य संशयित ठरलं पावसातलं सल्फेट, म्हणजे जळलेल्या गंधकातून आलेलं. कोळसा आणि जड तेल जाळून आम्लपाऊस पडत होता तेव्हा मातीतलं पाणी आम्लही होतं आणि क्षारांनी भरलेलंही. अशा पाण्यात ह्यूमिक आम्लं (कुजण्यातून बनलेले तपकिरी पदार्थ) विरघळायला तयार नसतात, शिवाय मातीतून सुटलेलं ॲल्युमिनियम त्यांना बांधून ठेवतं. कार्बन मातीतच अडकतो. मग १९७९चा सीमापार हवाप्रदूषणाचा करार झाला, त्याखाली १९८५ आणि १९९४चे गंधकाचे करार झाले, तिकडे अमेरिकेत १९९०ची कायदेदुरुस्ती. गंधक उतरलं तशी मातीची मूठ सैल झाली. बरंचसं गंधक उतरून झालं, आणि तो चढही मंदावला. तुमच्या सपाट रेघेचा मोठा भाग हाच असणार.

हे पटत नसेल तर आमच्या टाकीपाशी उभं राहून बघा. कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी येतं. त्यात फेरिक सल्फेट घालतो, पीएच ५च्या खाली आणतो. थोडा वेळ काही होत नाही, मग पाणी फाटल्यासारखं होतं. तपकिरी पुंजके सुटतात, जड होतात, बसतात, आणि वर नितळ पाणी. आम्लपावसाने अख्ख्या जंगलाच्या मातीत काहीसं असंच केलं होतं, आम्ही ते पैसे मोजून करतो. पावसातलं गंधक घटलं ते चांगलंच झालं, पण आमच्या टाकीत त्यामुळे मसाला जास्त लागतो. कारण उरलेल्या कार्बनला क्लोरीन भेटलं की ट्रायहॅलोमिथेन ही नकोशी संयुगं तयार होतात. हे १९७४मध्ये रॉटरडॅमच्या पाण्यात उघडकीला आलं. युरोपात त्यांची मर्यादा लिटरला १०० मायक्रोग्रॅम आहे.

म्हणून १९९०ला "मूळ स्थिती" म्हणू नका. तो रोग्याचा ताप चढलेला असतानाचा फोटो आहे. गाळाच्या थरांवरून काढलेले अंदाज बघितलेत तर मध्य स्वीडनच्या तळ्यांत कार्बन पंधराव्या-सोळाव्या शतकापासूनच उतरत गेलेला दिसतो. जंगलात गुरं चरायची, झाडं तोडली जायची, मातीत साठा कमी व्हायचा. नंतर दक्षिण स्वीडनमध्ये त्याच चराऊ जमिनींवर स्प्रूस लावला गेला, आणि सुयांचा जाड थर साठू लागला. तोही कार्बन तळ्यातच उतरतो, फक्त सावकाश.

तिसऱ्या तळ्यासाठी लोहाचा रकाना उघडा. रंग म्हणजे कार्बन नव्हे. सेंद्रिय पदार्थाला बिलगलेलं लोह ४२० नॅनोमीटरलाही प्रकाश खातं आणि २५४लाही. लोह वाढलं तर कार्बन तेवढाच राहून पाणी गडद होतं.

फ्रीझरच्या बाटल्या बाद करा. गोठताना बर्फ सगळं बाहेर ढकलतो, उरलेल्या थेंबभर पाण्यात ह्यूमिक पदार्थ एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावर परत नीट विरघळत नाहीत. तुमचा "भुसा" म्हणजे आमचेच पुंजके, फक्त रसायनाविना.

आणि हो, तिघांपैकी कुठल्या तळ्यात आम्लपणा मारायला चुना टाकलाय का, ते विचारून घ्या.

उत्तरायण

गाळणीवाल्यांशी सहमत, पण एक मोडता घालतो. धागा वाचून असं वाटतंय की थंड प्रदेशात डीओसी म्हटला की वर जाणारच. तसं नाही. मी कॅनडात आहे. इथे ओंटारिओतल्या प्रायोगिक तळ्यांवर १९६८पासून मोजमाप चालू आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या उष्ण, कोरड्या वर्षांत तिथे डीओसी चक्क घटला. मातीतून पाणी कमी आलं, आलेलं तळ्यात जास्त काळ रेंगाळलं, तेवढ्यात ऊन आणि जिवाणू त्याचा फडशा पाडत राहिले. पाणी नितळ झालं, आणि त्याबरोबर अतिनील किरणं जास्त खोल उतरायला लागली. म्हणजे नितळ पाणी दिसलं की लगेच हरखून जायचं कारण नाही.

युकॉन नदीच्या खोऱ्यात आणखी वेगळं. पर्माफ्रॉस्ट (कायम गोठलेली जमीन) वितळला की पाण्याला खालची खनिज माती मोकळी होते, आणि ती कार्बन धरून ठेवते. तिथे १९७८-८०च्या मानाने २००१-०३मध्ये नदीतून, प्रवाहाच्या हिशेबात, कमी डीओसी वाहून गेला. पश्चिम ग्रीनलंडमध्ये कांगेर्लुसुआकची तळी अनेक वर्षं फिकी होत होती. २०२२च्या शरदात विक्रमी उष्णता आणि पाऊस आला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच तळी तपकिरी! हे सगळं एका वर्षाच्या आत.

ताई, तुमच्या तिसऱ्या तळ्यात पाणी किती महिने टिकतं ते काढा. तीन महिन्यांत रिकामं होणारं तळं आणि तीन वर्षं पाणी धरणारं तळं, यांना एका आलेखात बसवू नका. आणि एखाद्या वर्षी कुणी बर्फाला भोक पाडून नमुना घेतला असेल तर तो वेगळा ठेवा. उथळ तळ्यात बर्फाखाली उरलेल्या पाण्यात कार्बन दाटतो, आकडा फुगतो.

रिकामटेकडा

बरं बाबांनो, काथ्याकूट मागे घेतो.

बर्फाखालची_मासळी

सगळ्यांना दंडवत. आज दिवसभर जुन्या तक्त्यांत बसले होते.

लोहाचा रकाना होता! मी पहिल्याच आठवड्यात "अनावश्यक" म्हणून लपवून ठेवला होता, स्वतःच. उघडला तर तिसऱ्या तळ्यात लोह रंगाच्या हातात हात घालून चढतंय. या तळ्याचा अर्धा काठ पीटचा आहे, आणि उन्हाळ्यात तळाशी ऑक्सिजन संपतो. तिथून लोह सुटत असेल का, हे आता नुसत्या वरच्या नमुन्यांवरून सांगता येणार नाही, ऑगस्टमध्ये खोलातला नमुना घ्यावा लागेल. सल्फेटही काढलं. तिघांतही घसरलंय आणि पहिल्या तळ्याचा कार्बन त्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखा दिसतो. फ्रीझरची बारा बाटल्यांची ओळ खोडली.

बर्फाखालचे नमुने दोनच निघाले, तेही बाजूला काढले. पाणी किती टिकतं ते काढायला खोलीचा नकाशा हवा, तो पालिकेकडे मागितलाय.

आणि चुना. मार्गदर्शकांना सहज विचारलं तर म्हणाले, "हो, दुसऱ्या तळ्यात हेलिकॉप्टरने टाकायचे." कधीपासून, किती, आणि बंद केला की नाही, यावर "बघायला लागेल." तीन वर्षांत हे एकदाही बोलले नव्हते.

गाळणीवाला

टाकला त्या तारखा मिळेपर्यंत दुसऱ्या तळ्याबद्दल एक ओळही लिहू नका. पीएचचा रकाना तरी लपवला नाहीत ना?