उतारावर टू-स्ट्रोकचे इंजिन ब्रेकिंग: तेलाची उपासमार की अवाजवी भीती?

मूळ मत
लांब उतारावर टू-स्ट्रोक मोटरसायकल गिअरमध्ये ठेवून आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण बंद करून, म्हणजे इंजिनाच्याच अडथळ्याने वेग रोखत (इंजिन ब्रेकिंग), उतरवू नये, असे माझे ठाम मत आहे. पेट्रोलमध्येच तेल मिसळलेल्या इंजिनात क्रँकची (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याची) बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडर यांना मिळणारे तेल त्या मिश्रणासोबतच येते. थ्रॉटल मिटला की मिश्रण आटते, चाक मात्र इंजिनाला वेगाने फिरवतच राहते आणि तेलाअभावी इंजिन जाम होऊ शकते. स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींना फ्रीव्हील (थ्रॉटल सोडताच चाकांना इंजिन फिरवू न देणारी यंत्रणा) दिले, ते याच कारणासाठी.

प्रतिसाद (असहमत)
तेल कमी होते हे मान्य. पण उष्णतेचा विचार आपण सोडून दिला आहे. थ्रॉटल बंद असताना ज्वलन क्षीण आणि अनियमित होते, पिस्टनवरचा भार उतरतो, शिवाय पेट्रोलची वाफ झाल्यावर मागे राहिलेला तेलाचा थर क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या कवचात) काही काळ टिकतो. गिअरबॉक्सचे तेल तर बहुतेक मोटरसायकलींत वेगळेच असते. उलट, केवळ ब्रेकवर विसंबून घाट उतरताना तापलेले ड्रम ब्रेक पकड सोडू लागतात, आणि तो धोका इंजिन जाम होण्यापेक्षा मला अधिक गंभीर वाटतो.

मूळ मतकर्त्याचे उत्तर
ब्रेक तापण्याचा मुद्दा रास्त आहे. तरीही बराच वेळ पूर्ण थ्रॉटलवर पळवल्यानंतर पिस्टन तापून फुगलेला असतो आणि नेमक्या त्याच क्षणी थ्रॉटल मिटल्यास तेलही तुटते व पिस्टनला आतून गार ठेवणारे ताजे मिश्रणही. शर्यतीतले चालक सरळ पट्ट्याच्या शेवटी क्लचवर बोट ठेवतात, इंजिन जाम होताच ते चाकापासून सोडवता यावे म्हणून; ते उगाच नव्हे. टू-स्ट्रोकचे इंजिन ब्रेकिंग मुळातच दुबळे असते. इतक्या अल्प लाभासाठी हा धोका का पत्करावा?

प्रतिसाद (अंशतः असहमत)
ही चर्चा तेलपंप असलेल्या गाड्यांना सरसकट लागू करू नये. यामाहाने 1964 मध्ये आणलेल्या ऑटोल्यूबसारख्या व्यवस्थेत पंप क्रँकच्या गतीने चालतो आणि त्याची मात्रा थ्रॉटलच्या केबलने ठरते. त्यामुळे थ्रॉटल मिटला तरी किमान मात्रेत तेल येत राहते, मात्र केबलचे समायोजन अचूक हवे. मिश्रणावर चालणाऱ्या गाडीत मीही सावध राहतो: दोन्ही ब्रेक आलटून पालटून वापरतो आणि अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल क्षणभर उघडतो. तेवढ्याने ताजे मिश्रण आत जाते. प्रति लिटर 20 मिलीऐवजी 40 मिली तेल घालून मात्र हा प्रश्न सुटत नाही, कारण मिश्रणच आत येत नसेल तर त्यातले वाढीव तेलही पुरेसे पोहोचत नाही.