मदत हवी आहे: शेतीचं दरडोई उत्सर्जन, न्यूझीलंड की आपण? हिशोब कुठे चुकतोय?

मंडळी, नमस्कार. निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आणि दोन म्हशी, एवढा माझा पसारा. हवामानबदल हा काही माझा प्रांत नव्हे. पण भाचा न्यूझीलंडला असतो आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मामाशी वाद घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. परवा म्हणाला, "शेतीच्या उत्सर्जनात भारत जगात अगदी वरच्या नंबरात, आमचा देश खिजगणतीतही नाही." म्हटलं, बाबा रे, आम्ही १४० कोटी, तुम्ही ५० लाखांच्या आसपास. माणशी काढ की!

मग वही घेऊन बसलो. भारताचं २०२० चं एकूण उत्सर्जन (हवा तापवणारे सगळे वायू, कार्बन डायऑक्साइडच्या मापात) सुमारे २९६ कोटी टन, त्यात शेती आणि जनावरं १४ टक्क्यांच्या आसपास. माणशी ३०० किलोसुद्धा पुरते भरत नाहीत. न्यूझीलंडच्या शेतीचं सुमारे ४ कोटी टन, म्हणजे माणशी जवळपास ८ टन. वहीचा फोटो लगेच पाठवून दिला.

त्याने उलट 'अन्नव्यवस्था' नावाचा दुसराच तक्ता पाठवला. त्यात भारताचा माणशी आकडा माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. आता खरं काय धरायचं? माझ्या पंपाची वीज, युरिया, फवारणीच्या ट्रॅक्टरचं डिझेल यांतलं शेतीत काय येतं? आणि आमची द्राक्षं नेदरलँड्सला जातात, त्यांचा धूर कोणाच्या माथी?

प्रतिसाद : बांधावरचा
मामा, गणित बरोबर आहे, तक्ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. देशांच्या अधिकृत नोंदीत 'शेती' म्हणजे जनावरांच्या रवंथातला मिथेन, शेणखत, भातखाचरं (आपल्या इगतपुरीकडची धरा) आणि खत टाकल्यावर जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड. पंपाची वीज आणि डिझेल ऊर्जेच्या खात्यात, युरियाचा कारखाना उद्योगाच्या, कचरा डेपोत सडणारा कांदा कचऱ्याच्या. जंगल तोडून शेत केलं तर ते जमिनीच्या खात्यात. ब्राझीलचा आकडा फुगतो तो त्यामुळेच. 'अन्नव्यवस्था' म्हटलं की हे सगळं एकाच गोणीत. तशा मोजणीने २०१५ मध्ये जगाचे सुमारे १८०० कोटी टन झाले, म्हणजे एकूण उत्सर्जनाचा तिसरा हिस्सा, माणशी साधारण २.४ टन.

प्रतिसाद : गोदाकाठ
द्राक्षं निफाडला पिकली, म्हणून भारताच्या नावावर. खाल्ली कोणी, हे त्या नोंदीत बघत नाहीत. न्हावा शेव्याहून पुढे जहाजाला लागणारं इंधन तर कुठल्याच देशाच्या बेरजेत नसतं, वेगळं लिहितात. पण मग भाच्यालाही तोच न्याय लावा. न्यूझीलंडचं बहुतेक दूध पावडर-बटर होऊन बाहेर जातं, ते ८ टन काही तो एकटा रिचवत नाही. खाणाऱ्याच्या नावावर मांडलेला हिशोब वेगळा असतो, त्याला उपभोगावर आधारित म्हणतात.

अजून एक. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणताना कितीने गुणलंय ते बघा. जुन्या अहवालांत २१, मग २५, आता २८. म्हशींच्या देशात याने बराच फरक पडतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीचा ढोबळ आकडा एका म्हशीमागे वर्षाला ५५ किलो मिथेन. २८ ने गुणा, दीड टन!

धागाकर्ता
दोघांचे आभार. म्हणजे गोठ्यातच तीन टन बांधलेत की! ८ टनांचा फोटो आता मागे घेणं आलं. २१ की २८ हे भाच्याला आजच विचारतो. खाणाऱ्याच्या नावावरचा तक्ता, भारत आणि न्यूझीलंड शेजारी-शेजारी असलेला, फुकट कुठे मिळेल? रविवारच्या आत हवाय.