अनुभव धागा : घरीच जुळवलेली इलेक्ट्रिक सायकल

आपल्या भागात जुन्या सायकलीला मोटर बसवणारे बरेच झालेत. चालत्या सायकलीचे फोटो पुरे. काय जळलं, काय तुटलं ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

वडगाव, बेळगाव
३६ व्होल्टची हब मोटर (चाकाच्या मधल्या तुंब्यातच असते ती) मागच्या चाकात बसवली. तिच्या तीन जाड वायरी कंट्रोलरला, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या डब्याला, रंगाला रंग लावून जोडल्या, तर चाक नुसतं थरथरायला लागलं. दोन अदलाबदल केल्यावर फिरलं, पण उलटं! आई दारातून म्हणाली, "रिव्हर्स पण हाय की रे ह्याला!" शेवटी हॉल सेन्सरच्या (मोटर फिरून कुठं आली ते कंट्रोलरला कळवतो तो) बारीक वायरीही बदलून सगळी जुळणी नव्यानं केली. रंगावर भरवसा ठेवू नका.

निपाणी
माझी मोटर पुढच्या चाकात. तवंदी घाटाच्या चढाला थ्रॉटल (वेगाची मूठ) पिळला, कट्‌कन आवाज आला आणि सायकल मेली. मोटर चाक पुढं ढकलते तेवढाच उलटा जोर आसावर येतो, हे डोक्यातच नव्हतं. नट सैल होता, आस फोर्कच्या खाचेत गर्रकन फिरला आणि वायरी पिळून तुटल्या. मग उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून पोलादी पट्टी करून घेतली. तिला आसाच्या चपट्या बाजू घट्ट धरेल अशी १० मिमीची खाच, दुसरं टोक फोर्कला क्लॅम्पनं आवळलेलं. पट्टी बघून तो म्हणाला, "हे आधी करायचं असतंय."

खानापूर
लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडून सेल काढले, दहा रांगा एकापुढं एक, फुल चार्जला ४२ व्होल्ट. बीएमएस (प्रत्येक रांगेचा व्होल्टेज बघून चार्जिंग तोडणारं सर्किट) घातला नाही, पैसे वाचवले. एक रांग कमजोर होती. चार्जिंगला तीच आधी भरायची आणि ४.२ व्होल्टच्या वर जायची. एका रात्री डबा हाताला चटका बसेल इतका तापलेला. उचलून अंगणात ठेवला आणि पहाटेपर्यंत लांबून बघत बसलो. आता १२ सेलचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक, बीएमएससकट. पावसाचं वेगळंच. इथं तो खालूनही येतो. कंट्रोलरच्या वायरी तोंडाशी खाली झोल देऊन सोडा, पाणी आत न जाता गळून पडतं.

चिक्कोडी
दुकानदारानं १००० वॉटची गळ्यात मारली. २५० वॉट आणि ताशी २५ किमीच्या आत असेल तरच नोंदणी लागत नाही, हे नंतर कळलं. मोटर पोत्यात पडून आहे. कुणाला पाहिजे असेल तर सांगा.

येळ्ळूर
राजहंसगड चढते काय, असं सगळे विचारतात. पॅडल मारलं तर चढते. वडील तिच्यावरून रोज दुधाची किटली नेतात, पण थ्रॉटलला हात लावत नाहीत. म्हणतात, "करंट संपतोय."