मदत हवी आहे: आबांना शेत माझ्या नावावर करायचं आहे, बक्षीसपत्र करावं का?

नमस्कार मंडळी,

आमच्या आबांची पंचाहत्तरी जवळ आली आहे. त्यांच्या नावावर दोन गट आहेत. एक आजोबांकडून आलेला, २ एकर १० गुंठे, जिरायत. दुसरा त्यांनी स्वतः १९९१ साली रीतसर खरेदीखत करून घेतलेला, १ एकर ३० गुंठे, त्यात विहीर आहे. गुडघ्यांमुळे आबांना बांधावर जाणं जमेनासं झालं तेव्हापासून पेरणीपासून काढणीपर्यंत सगळं मी बघते. माझं सासर शेजारच्याच गावात आहे. दादा नोकरीमुळे बाहेर असतो.

आबांचं म्हणणं आहे, "जी कसते तिच्या नावावर जमीन." दोन्ही गट मलाच द्यायचे असं त्यांनी ठरवलंय. तालुक्याच्या दस्तलेखकाकडे चौकशी केली. तो म्हणाला, मुलीला द्यायची तर दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर बक्षीसपत्र होतं, आबांना आणि दोन साक्षीदारांना घेऊन या, दोन्ही गट एकाच दस्तात बसवू. इतकं सोपं सांगितलं म्हणूनच धास्ती वाटतेय.

आजोबांच्या गटाचा जुना फेरफार (महसुली दप्तरातली नावबदलाची नोंद) काढला तर त्यावर वारस म्हणून फक्त आबांचं नाव चढलंय आणि खाली एक ओळ आहे, "बहिणींनी हक्क सोडला सबब नावे दाखल केली नाहीत." दस्त क्रमांक नाही, सह्याही दिसत नाहीत. दोन आत्यांपैकी थोरल्या वारल्या, त्यांना मुलं आहेत. धाकट्या आत्या अजून दिवाळीला येतात. शिवाय विहिरीच्या गटावर विकास सोसायटीचा बोजा आहे.

दादा "तुम्ही ठरवाल ते" म्हणतो. पण उद्या तलाठ्याची नोटीस हातात पडून त्याला हे कळावं, असं मला मुळीच नको आहे. आणि आई-आबांचं काय? सगळं माझ्या नावावर झाल्यावर त्यांच्या हातात कागदोपत्री काहीच उरणार नाही. मी त्यांना अंतर देणार नाही, पण माझंच काही बरंवाईट झालं तर? बक्षीसपत्र, वाटणीपत्र की मृत्युपत्र, कोणता रस्ता धरावा?

प्रतिसाद १

ताई, दोन्ही गट एका दस्तात अजिबात घालू नका. दोन्हींची जात वेगळी आहे.

विहिरीचा गट आबांच्या स्वकष्टाचा. तो ते कोणालाही देऊ शकतात, दादांची संमती कायद्याने लागत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार दस्त नोंदणीकृत हवा, दोन साक्षीदार हवेत आणि आबा हयात असतानाच तुम्ही बक्षीस स्वीकारलेलं हवं. म्हणून स्वीकाराचं वाक्य आणि तुमची सही त्याच दस्तात घ्या. २०० रुपये मुद्रांक शुल्क बरोबर आहे. महाराष्ट्रात शेती आणि राहतं घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा विधवा सून यांना दिलं तर तेवढंच लागतं. जिल्हा परिषदेचा अधिभार वेगळा धरतात का, ते दुय्यम निबंधकाकडे आधीच विचारून घ्या. वडिलांकडून आलेल्या भेटीवर आयकर नाही. सोसायटीचं कर्ज फेडून बेबाकी दाखला (काही बाकी नसल्याचा) घ्या आणि बोजा कमी करून मगच दस्ताला बसा.

आजोबांच्या गटाचं मात्र जपून. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद, मालकी त्याने सिद्ध होत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर फेरफारावरच्या त्या एका ओळीवर विसंबू नका. जमीन आजोबांकडे कशी आली आणि ते कधी वारले, हे आधी सांगा.

धागाकर्ती

आजोबा १९८३ साली गेले. आबांच्या ट्रंकेत ३२-म चं प्रमाणपत्र (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) सापडलं, म्हणजे कुळकायद्यात मिळालेली दिसते. सातबाऱ्याच्या इतर हक्कात "कलम ४३ च्या बंधनास पात्र" असं लिहिलंय. आजवर त्या ओळीकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

प्रतिसाद २

हा कागद लाखमोलाचा आहे, लॅमिनेशन न करता सांभाळून ठेवा.

"आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जित" असं सरसकट नसतं. कुळवहिवाट आजोबांची स्वतःची असेल, तर ते १९५६ च्या वारसा कायद्यानंतर आणि मृत्युपत्र न करता वारले म्हणून जमीन कलम ८ प्रमाणे त्यांच्या सगळ्या वारसांना गेली: आबा, दोन्ही आत्या आणि त्या वेळी आजी असतील तर त्याही. आबांच्या वाट्याला आलेला हिस्सा त्यांचा स्वतःचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली हे स्पष्ट केलंय. तसं असेल तर खरा प्रश्न दादांचा नाही, आत्यांचा आहे.

कूळ मुळात पणजोबा असतील आणि जमीन एकत्र कुटुंबाची ठरली, तर दादा आणि तुम्ही दोघंही जन्माने हिस्सेदार. मुलींचा हा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला आणि २०२० च्या निकालाने पक्का झाला. अशा जमिनीत आबांना स्वतःचा अविभक्त हिस्सासुद्धा बाकीच्यांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. मृत्युपत्राने मात्र देता येतो. तेव्हा तहसीलच्या अभिलेख कक्षातून कुळाच्या मूळ नोंदीची नक्कल काढा आणि ती घेऊन दिवाणी वकिलाकडे जा. हा निवाडा दस्तलेखकाचा नाही.

कलम ४३ म्हणजे कुळकायद्यात मिळालेली जमीन परवानगीशिवाय हस्तांतर न करण्याचं बंधन, त्याची फार भीती नको. प्रमाणपत्राला १० वर्षं उलटून गेली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून हस्तांतर करता येतं. सातबाऱ्यावरचा आकार बघा, काही रुपयांतच असेल.

माझं मत विचाराल तर आधी धाकट्या आत्यांकडे जाऊन बसा, थोरल्या आत्यांच्या मुलांनाही बोलवा. त्यांनी मनापासून सोडलं तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र आबांच्या नावे करा. नाही सोडलं तर त्यांचा हिस्सा त्यांना द्या. माहेरच्या जमिनीवर मुलीचा हक्क असतो, म्हणूनच तर आबा तुम्हाला देऊ शकतात.

प्रतिसाद ३

आई-आबांच्या काळजीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. नोंदवलेलं आणि स्वीकारलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून रद्द करता येत नाही. सांभाळ केला नाही तर दिलेली मालमत्ता परत मागता यावी यासाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, पण त्याचा आधार हवा तर सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहा. ती अट आहे की नाही, यावर न्यायालयात पुष्कळ काही ठरतं. शिवाय हे कलम जमीन देणाऱ्याच्या बाजूने आहे. देणारे आबा आहेत, आईंना त्याचा थेट उपयोग होणार नाही. म्हणून उत्पन्न घेण्याचा हक्क आबांच्या आणि त्यांच्या मागे आईंच्या हयातीपर्यंत राखून ठेवा. असा हक्क राखलेलं बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे वैध आहे.

आबांना पीएम-किसानचे हप्ते येत असतील तर दोन्ही गट गेल्यावर ते थांबतील, हेही त्यांच्या कानावर घाला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, विहिरीचा गट तुझाच, दस्ताला साक्षीदार म्हणून मीच सही करतो. आजोबांच्या गटाला आत्यांशी बोलेपर्यंत हात लावायचा नाही, असं आबांनीही मान्य केलंय.

आता एकच विचारायचंय. आई-आबांच्या हयातीच्या हक्काचा मजकूर कसा लिहितात? नुसतं "उत्पन्न घेण्याचा हक्क" पुरतो, की विहिरीचं पाणी, राहण्याची खोली आणि दवाखान्याचा खर्च असं एकेक नाव घेऊन लिहावं लागतं? कोणी असा दस्त नोंदवला असेल तर नावं झाकून तेवढाच परिच्छेद इथे टाकाल का?