सहाव्या दुरुस्तीतला वकील आणि गिडियन

प्रश्न असा, की आरोपीचा वकिलाचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेच्या १७९१ च्या सहाव्या दुरुस्तीतच होता, मग तिथल्या सर्वोच्च न्यायालयातल्या गिडियन खटल्याने नवीन काय दिलं? फरक मोठा आहे. बिल ऑफ राइट्स, म्हणजे राज्यघटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या, मुळात फक्त केंद्र सरकारला बंधनकारक होतं, राज्यांना नाही. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीमुळे राज्यांवर बंधनं आली खरी, पण १९४२ च्या बेट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रत्येक गरीब आरोपीला राज्याने वकील द्यायलाच हवा असं नाही.

१९६१ मध्ये फ्लोरिडात क्लॅरन्स गिडियनवर पूल रूम (बिलियर्ड्ससारखा पूल हा खेळ खेळायची जागा) फोडल्याचा आरोप आला. त्याने वकील मागितला. न्यायाधीश म्हणाले, फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यातच मिळतो. बिचाऱ्याने स्वतःच खटला लढवला, पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहून थेट सर्वोच्च न्यायालयाला पाठवला!

गंभीर गुन्ह्यात गरीब आरोपीला राज्यांनीही वकील द्यायलाच हवा, हा १९६३ चा निकाल एकमताने लागला आणि तो लिहिला न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी. बेट्स खटल्यात विरोधी मत नोंदवणारे हेच ब्लॅक. एकवीस वर्षांनी त्यांचंच म्हणणं कायदा झालं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. फेरसुनावणीत गिडियनला वकील मिळाला. त्या वकिलाने मुख्य साक्षीदाराची कसून उलटतपासणी घेतली आणि ज्यूरीने गिडियनला निर्दोष ठरवलं. आरोप तोच होता.