मादाम ब्रियों यांच्या संगीताविषयी माहिती हवी आहे

एरंडवणेकर:
पुण्यात आम्ही काही मंडळी घरगुती स्वरूपात पाश्चात्त्य संगीताची बैठक भरवतो. पुढच्या बैठकीत मला फ्रेंच वादक व संगीतकार आन-लुईज ब्रियों द जुई (१७४४–१८२४) यांच्याविषयी बोलायचे आहे. अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनच्या चरित्रांत त्या हमखास भेटतात. परंतु त्याला ‘पापा’ म्हणून लिहिलेल्या लाडिक पत्रांपलीकडे त्यांच्या संगीताबद्दल फारसे हाती लागत नाही. संगीतकार म्हणून त्यांची योग्यता काय होती आणि त्यांच्या रचना छापल्या का गेल्या नाहीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मंद्रसप्तक:
फ्रँकलिन १७७७ मध्ये पॅरिसजवळच्या पासी गावी राहायला आला, त्याच्या कितीतरी आधीच त्यांचे नाव झालेले होते. इटालियन संगीतकार बोकेरीनीने १७६८ मध्ये कळफलकाचे वाद्य आणि व्हायोलिन यांसाठीचे सहा सोनाटा त्यांना अर्पण केले होते. १७७० मध्ये इंग्लिश संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी यांनी त्यांचे वादन पासीला ऐकले आणि युरोपातील श्रेष्ठ हार्पसिकॉर्डवादक (हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचे कळफलकाचे वाद्य) स्त्रियांत त्यांची गणना केली. पियानोच्या बाबतीत मात्र दोघांचे जमले नाही. तारेचा नाद थांबवणारे डॅम्पर बाई उचललेलेच ठेवीत, कारण ते खाली असले की वादन कोरडे वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. बर्नींना मात्र सारे स्वर घंटानादासारखे एकमेकांत मिसळून गेल्यासारखे वाटले. मला स्वतःला बर्नींच्या स्तुतीपेक्षा ही तक्रार अधिक बोलकी वाटते, कारण नव्या वाद्यातून कोणता नाद काढायचा हे बाईंनी स्वतःच ठरवलेले दिसते.

जुनी वही:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. तथापि फ्रँकलिनला अगदीच बाजूला सारू नये. बुधवारी आणि शनिवारी तो त्यांच्या घरी जात असे; तेथे संगीत, चहा आणि बुद्धिबळ चाले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात साराटोगा येथे इंग्रजांवर मिळालेल्या विजयाच्या आनंदात त्यांनी ‘मार्श देझ अँस्युर्जाँ’ (‘बंडखोरांची कूच’) हे कूचगीत रचले. पुढे फ्रँकलिनने आपल्या नातवासाठी त्यांच्या मुलीला मागणी घातली, तेव्हा एवढा स्नेह असूनही, धर्मभेद हे एक कारण पुढे करून, ब्रियों दांपत्याने नकार दिला.

छपाईविषयी सांगायचे तर, पती सरकारी करव्यवस्थेतील धनाढ्य अधिकारी होते आणि अशा घरातील स्त्रीने संगीत हा व्यवसाय करणे शिष्टसंमत नव्हते. (हा संकेत आपल्याकडच्या वाचकांना निराळा समजावून सांगायला नको!) त्यामुळे रचना हस्तलिखितांतच राहिल्या, त्यांतील मोठा संग्रह आज फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत आहे. त्यात हार्पसिकॉर्ड, इंग्लिश पियानो आणि जर्मन पियानो अशा तीन वाद्यांसाठीची रचनाही आहे. हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते, तर पियानोच्या तारेवर हातोडी पडते. शिवाय इंग्लिश आणि जर्मन पियानोंची घडणही वेगळी असे, त्यामुळे प्रत्येकाचा नाद निराळा. असा मेळ त्या काळात दुर्मीळच म्हणावा लागेल.

एरंडवणेकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आमच्याकडे एक उभा पियानो आणि दोन इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहेत, वादकही तिघे मिळतील. ती तीन वाद्यांची रचना त्यावर वाजवून दाखवणे योग्य ठरेल का?

मंद्रसप्तक:
अवश्य वाजवावी. एका कीबोर्डवर हार्पसिकॉर्डचा नाद लावावा आणि दुसऱ्यावर उभ्या पियानोहून हलका, पातळ असा पियानोचा नाद निवडावा. तिन्ही भाग एकाच नादात वाजले, तर रचनेतले निम्मे मर्म नाहीसे होईल.